परतलेला शिपाई आणि आपले साहित्य

मराठी पोवाड्यात, नाटकात, गीतात आणि चित्रपटात शिपायाची वाण कधी पडलेली नाही. तो मोहिमेवर निघतो, त्याला ओवाळले जाते, तो शर्थीने लढतो आणि बहुधा धारातीर्थी पडतो. पडला की त्याच्यावर गीत रचले जाते, चौकात पुतळा उभा राहतो, वर्षातून एकदा पुष्पचक्र वाहिले जाते. परंतु तो जिवंत परत आला तर पुढे त्याचे काय होते, या प्रश्नाकडे आपल्या साहित्याने फारसे वळून पाहिलेले नाही, असे माझे बऱ्याच वर्षांचे मत आहे. मंडळाच्या एका बैठकीत हे मत मी बोलून दाखवले, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी पुरावा मागितला. मागणी रास्त होती. हा लेख म्हणजे ती पुरी करण्याचा यथाशक्ती प्रयत्न आहे.

प्रथम एक उदाहरण घेतो. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर मराठा पलटणींतील दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पहिले नायक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या तुकडीतले सगळे सोबती मारले वा जायबंदी झाले असताना, त्यांनी एकट्याने शत्रूचे मशीनगनचे ठाणे घेतले आणि त्याच जागी ते कामी आले. माणगावला त्यांचा पुतळा आहे. दुसरे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी आपल्या दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून, चढणीवरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणले, मग परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी निकामी केली. हे जाधव वाचले. हवालदार होऊन ते घरी आले आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षे जगून १९८४ साली पुण्यात वारले. शौर्याचा तोल करणे अशोभनीय आहे, ते मी करीत नाही. पण आपल्या वाचकांपैकी किती जणांना घाडग्यांचे नाव ठाऊक आहे आणि किती जणांना जाधवांचे, हे प्रत्येकाने मनाशी विचारून पाहावे. त्या चाळीस वर्षांवर कथा, कादंबरी, नाटक तर राहोच, एखादे नेटके व्यक्तिचित्रसुद्धा माझ्या वाचनात आलेले नाही. इतक्या मोठ्या युद्धातून आलेला माणूस सकाळी उठून काय करीत असेल, कोणाशी बोलत असेल, फटाक्यांचा आवाज ऐकून त्याला काय वाटत असेल, हे कुतूहल आपल्या लेखकांना का वाटले नसावे?

याचे एक कारण साहित्याच्या सवयीत आहे. पेशवाईतल्या शाहिरांनी लावणीत मोहिमेवर गेलेल्या पतीसाठी झुरणारी स्त्री अमाप रंगवली. तिथे शिपाई हा विरहाचे निमित्त आहे. तो उंबरठ्यावर आला की लावणी संपते. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर देशभक्तिपर गीतांचा जो पूर आला, त्यातही शिपाई सीमेवरच उभा राहिला. दुसरे कारण थोडे अवघड आहे, पण ते टाळून चालणार नाही. विसाव्या शतकात मराठी कथा-कादंबरी ज्या वर्गाने लिहिली, त्या वर्गातून पलटणीत भरती झालेली माणसे थोडी. सातारा-कोल्हापूरकडची शेतकरी घरे, कोकणातली मराठा आणि महार घरे, आपल्या सीमेवरची सावंतवाडी-दोडामार्गाकडची घरे पलटणीत मुलगे पाठवीत होती. लिहिणारा हात आणि बंदूक धरणारा हात एका घरात क्वचितच नांदले. सेनाधिकाऱ्यांनी आत्मचरित्रे लिहिली, त्यांतली काही चांगली आहेत. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचे ‘माझी शिपाईगिरी’ हे पुस्तक जुन्या वाचकांना आठवत असेल. त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्राचे नाव ‘फ्रॉम रेव्हेली टु रिट्रीट’ असे आहे, म्हणजे छावणीतल्या पहाटेच्या बिगुलापासून सूर्यास्ताच्या बिगुलापर्यंत. नाव अर्थपूर्ण आहे. हवालदार, नाईक, लान्सनाईक यांच्या बाबतीत खरा प्रश्न त्या दुसऱ्या बिगुलानंतर उभा राहतो. पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत तो घरी येतो. आयुष्याचा अर्धा दिवस अजून शिल्लक असतो, आणि तो लिहून ठेवायला त्याला ना सवड, ना प्रकाशक.

असे असले तरी हा विषय आपल्या परंपरेलाच अपरिचित आहे असे म्हणता येत नाही. उलट, महाभारतकारांना तो जेवढा कळला होता तेवढा क्वचितच कोणाला कळला असेल. युद्ध अठरा दिवसांत संपते आणि त्यानंतर सर्वांत मोठे पर्व सुरू होते. शांतिपर्व आपण राजधर्माचा आणि मोक्षधर्माचा ग्रंथ म्हणून वाचतो, प्रवचनकारही तसेच सांगतात. त्याच्या आरंभीचे अध्याय मात्र एका परतलेल्या योद्ध्याची हकीकत म्हणून वाचून पाहावेत. युधिष्ठिर जिंकला आहे. गंगेच्या काठी सुतकाचा महिना चालू आहे. कर्ण आपला भाऊ होता हे त्याला आता कळले आहे. हस्तिनापूर समोर आहे आणि त्याचे पाऊल उचलत नाही. मला राज्य नको, मी वनात जातो, हाच त्याचा घोशा.

मग काय होते? त्याच्याभोवती सगळे बसतात. अर्जुन वाद घालतो, भीम चिडतो आणि टोचून बोलतो, नकुल-सहदेव समजावतात, द्रौपदी तर लागेल असे बोलते. कृष्ण सांगतो, व्यास सांगतात. एकाच्या बोलण्याने काम होत नाही, म्हणून दुसरा बोलतो. कोणी त्याला भित्रा म्हणते, कोणी त्याच्या दुःखाला मान देते. शेवटी तो नगरात शिरतो, तर स्वागताच्या गर्दीतून चार्वाक उठून त्याला ज्ञातिघातकी म्हणतो. म्हणजे परतलेल्या योद्ध्याला गर्दीतून ऐकावा लागणारा शब्दही व्यासांनी वगळलेला नाही. राज्याभिषेक होऊनही मन थाऱ्यावर येत नाही, तेव्हा त्याला शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडे नेले जाते, आणि तिथून पुढे तो दीर्घ संवाद चालतो. ज्याचे मन युद्धाने मोडले आहे त्याला माणसांत आणायला घर, मित्र, वडीलधारी, एवढी सगळी माणसे लागतात आणि शेकडो अध्याय लागतात, हे त्या रचनेतच सांगितलेले आहे. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ या दोन ग्रंथांनी आपल्याला महाभारत माणसांची गोष्ट म्हणून वाचायला शिकवले. त्या वाचनाची ही एक वाट पुढे चालण्याजोगी होती. ती आपण फारशी चाललो नाही.

आणि अश्वत्थामा? तो तर पोथी न वाचणाऱ्या घरातही ठाऊक आहे. कपाळावरची जखम भरत नाही, म्हणून तो दारोदार तेल मागत फिरतो, अशी लोकांची समजूत. त्याचे पाप मोठे आहे, झोपलेल्या मुलांना त्याने मारले आहे, आणि तरीही लोककथेने त्याला तेल नाकारलेले नाही. ‘अश्वत्थाम्याची जखम’ हा शब्दप्रयोग लेखक-कवी हव्या त्या दुःखासाठी वापरून मोकळे होतात. मूळ चित्र एका योद्ध्याचे आहे, ज्याचे युद्ध संपून गेले तरी त्याच्यापुरते संपलेले नाही. तेल घालणाऱ्या घरधनिणीवर आजवर एकही मराठी कथा कशी लिहिली गेली नाही, याचे मला नवल वाटते.

पाश्चात्त्य साहित्यात हा विषय होमरच्या ‘ओडिसी’पासून चालत आलेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर तर तिथे त्याची परंपराच झाली. रेमार्कची ‘द रोड बॅक’ ही १९३१ ची कादंबरी अनेकांनी वाचलेली असेल. मला अधिक जवळची वाटते ती हेमिंग्वेची ‘सोल्जर्स होम’ ही १९२५ च्या संग्रहातली छोटी कथा. तिच्यातला क्रेब्ज गावी उशिरा पोचतो. तोपर्यंत स्वागताच्या कमानी उतरलेल्या असतात आणि युद्धाच्या गोष्टी ऐकून लोक कंटाळलेले असतात. ऐकून घ्यावे म्हणून त्याला खोटे सांगावे लागते, आणि खोटे सांगितल्यामुळे त्याला आपल्या खऱ्या आठवणींचीही किळस येऊ लागते. कथेत काहीच घडत नाही. आई विचारते, आता पुढे काय करायचे ठरवलेस? एवढेच. परतलेल्या माणसाचा पहिला आधार म्हणजे त्याचे ऐकणारा कोणी तरी, ही गोष्ट त्या कथेने जितकी नेमकी पकडली आहे तितकी ती कल्याण खात्यांच्या परिपत्रकांत सापडत नाही. परिपत्रकांविषयी मी अधिकाराने बोलू शकतो, कारण आयुष्यभर मी तीच वाचली आणि लिहिली.

आता मराठीकडे परत येतो. आपल्याकडे या विषयाचे साहित्य नाहीच, असे मी बैठकीत म्हणालो होतो. ते विधान मला दुरुस्त केले पाहिजे. ते आहे, पण कथा-कादंबरीच्या फडताळात नाही. ते दापोलीला आहे.

दापोली म्हणजे एकेकाळची इंग्रजी छावणी. अजूनही जुनी माणसे कॅम्प दापोली म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे पेन्शनर शिपायांची वस्ती होती, आणि त्यांत महार पलटणींतले पेन्शनर बरेच होते. गोपाळबाबा वलंगकर हे त्यांच्यापैकीच. १८८६ साली ते फौजेतून निवृत्त झाले आणि दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध झाले. या पुस्तिकेचा उल्लेख अस्पृश्यतानिवारणाच्या इतिहासात नेहमी होतो आणि तो योग्यच आहे. पण तिचा घाट काय आहे याकडे समीक्षेने लक्ष दिलेले नाही. ती विनंतीपत्राच्या रूपात आहे. वरिष्ठ वर्णांच्या धुरिणांना उद्देशून सव्वीस प्रश्न विचारलेले आहेत. एका हवालदाराने गावाला केलेली ही विचारणा आहे. पलटणीत तो अक्षर शिकला, शिस्त शिकला, परमुलुख पाहिला. तिथे त्याला दर्जा होता, त्याच्या हुकमाखाली माणसे होती. गणवेश उतरवून तो गावच्या वेशीपाशी आला आणि गावाने त्याला त्याची जुनी जागा दाखवली. ही पुस्तिका त्या वेशीवर उभे राहून लिहिलेली आहे. तिच्यातली भाषा विनयाची आहे, मागे मात्र वीस वर्षांच्या नोकरीचा कणा आहे. ‘परतीचे साहित्य’ असा वर्ग जर मराठीत पाडायचा असेल तर त्याचा आरंभ मी इथून करीन.

वलंगकर एकटे लिहून थांबले नाहीत. अनार्य दोष परिहारक मंडळी ही संस्था त्यांनी दापोलीला काढली. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सरकारने महारांची फौजेतली भरती बंद केली, तेव्हा भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज लिहिला गेला. त्यांच्यासाठी गावही काही करीत नव्हते आणि सरकारही. तेव्हा त्या पेन्शनरांनीच एकमेकांसाठी उभे राहायचे ठरवले, आणि त्यासाठी त्यांनी जे साधन उचलले ते लेखणीचे होते. त्यांनी मागितलेली भरती पुढे १९४१ साली महार रेजिमेंटची उभारणी झाली तेव्हा पुन्हा कायमची खुली झाली, आणि ती उभारणी आपल्या शेजारच्या बेळगावात झाली.

त्याच दापोलीत आणखी एक पेन्शनर आले होते, सुभेदार रामजी सकपाळ. लष्करी शाळेत त्यांनी मुख्याध्यापकी केली होती. त्यांच्या धाकट्या मुलाने, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, १९३५-३६ च्या सुमारास ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने इंग्रजीत काही आठवणी लिहून ठेवल्या. त्यांतली पहिली आठवण १९०१ ची आहे. ती आपण अस्पृश्यतेच्या अनुभवाची म्हणून वाचतो आणि मुलांच्या तहानेशी येऊन थांबतो. ती पुन्हा एकदा वडिलांच्या बाजूने वाचावी. निवृत्तीनंतर दापोलीत कायमचे राहायचे असा सुभेदारांचा विचार होता, काही कारणांनी तो बदलला आणि कुटुंब साताऱ्याला गेले, एवढे बाबासाहेब एका ओळीत सांगून पुढे जातात. ती कारणे त्यांनी दिलेली नाहीत. मला तर ती ओळ सबंध आठवणीइतकीच बोलकी वाटते. सुभेदाराच्या हुद्द्याचा माणूस एका गावी घर करायला येतो आणि उठून दुसरीकडे जातो. नंतर तो खटाव तालुक्यातल्या गोरेगावी, दुष्काळी कामावरच्या तलावाच्या खोदाईवर, रोखपाल म्हणून नोकरी करतो. मुले साताऱ्याला आत्याजवळ असतात. सुट्टीत वडिलांना भेटायला ती आगगाडीने निघतात. अंगात इंग्रजी बेताचे सदरे, डोक्याला जरीच्या टोप्या. हा थाट पेन्शनर सुभेदाराच्या घराचा आहे. मसूर स्टेशनावर मास्तर आधी त्यांच्याशी सौजन्याने बोलतात, आणि जात कळताच तिथून निघून जातात. गाडीवान दुप्पट भाडे घेऊन स्वतः बाजूने पायी चालतो, गाडी मुलांनी हाकायची. रात्रभर कोणी पाणी देत नाही.

त्या रात्री सुभेदारकीचा काय उपयोग झाला? कपडे, टोप्या, खिशातले भाड्याचे पैसे, यांतले काहीही त्या मुलांना पाण्याच्या भांड्यापर्यंत नेऊ शकले नाही. सरकार पेन्शन देते, पेन्शन वेळेवर येते, परंतु माणूस राहतो तो समाजात, आणि समाजाच्या वहीत त्याची नोकरी जमा झालेलीच नसते. सैनिकांच्या पुनर्वसनावर आजवर जेवढे अहवाल माझ्या टेबलावरून गेले, त्यांतला एकही या आठवणीइतका मुद्द्यावर आलेला नव्हता. म्हणूनच ‘समाजाने माजी सैनिकाला आधार द्यावा’ हे वाक्य मला अपुरे वाटते. कोणता समाज, कोणत्या सैनिकाला, हे विचारल्याशिवाय ते वाक्य लिहू नये.

आपल्या घराण्यांना हे विशेष लागू आहे, असे नम्रपणे सुचवतो. पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांकडे होता, डिचोली-सत्तरीचाही इतिहास त्याच वळणाचा. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मूळपुरुष कोणत्या तरी फौजेबरोबर इकडे आला अशी कथा सांगितली जाते. तलवार देवघराशेजारी असते, दसऱ्याला तिला फूल मिळते. तो मूळपुरुष तरी कोण होता? मोहीम आटोपल्यावर परमुलुखात स्थिरावलेला एक शिपाईच. त्याला त्या वेळी कोणी जमीन कसायला दिली असेल, कोणी मुलगी दिली असेल, गावच्या मांडावर कोणी जागा दिली असेल. ते कोणी केले हे वंशावळीत नसते. सनद मात्र आपण जपून ठेवतो.

गोव्याच्या इतिहासातही शिपायाची बंडे आहेत, बंडानंतरची घरे नाहीत. १८७१ साली पोर्तुगीज सरकारने इथले देशी सैन्य मोडले. १८९५ साली मराठा शिपायांनी मोझांबिकला जाण्यास नकार देऊन बंड केले आणि ते सत्तरीच्या राण्यांना जाऊन मिळाले. राण्यांच्या बंडाच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ते शिपाई बंड शमल्यावर कुठे गेले, कोणत्या वाड्यावर कोणी त्यांना ठेवून घेतले, हे मी वाचलेल्या पुस्तकांत कोणी विचारलेले नाही. मुक्तिलढ्याचे तसेच. पेडण्यातल्या पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहातील हुतात्म्यांचे स्मारक आहे, तिथे आपण सर्वजण नतमस्तक होतो. डिसेंबर १९६१ मध्ये ५० वी छत्रीधारी ब्रिगेड डिचोलीच्या सीमेवरच्या दोडामार्गाकडून आत आली, हेही आपण मुलांना सांगतो. आणि मोहन रानडे? ते रीतसर सैनिक नव्हते हे खरे. ते मराठीचे शिक्षक होते आणि आझाद गोमंतक दलाचे सशस्त्र लढवय्ये. १९५५ साली ते जखमी होऊन पकडले गेले. पोर्तुगालमधल्या तुरुंगातून त्यांची सुटका झाली ती १९६९ च्या जानेवारीत. मधल्या काळात गोवा मुक्त झाला, विधानसभा आली, निवडणुका झाल्या, जनमत कौलही होऊन गेला. ज्यासाठी लढलो तो प्रदेश स्वतंत्र होऊन सात वर्षे लोटली आणि लढणारा आतच. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांच्यासारख्यांनी खटपट केली, हे नोंदवले पाहिजे. ‘सतीचे वाण’ हे रानड्यांचे आत्मकथन आपल्या वाचनालयांत आहे. त्याची चर्चा लढ्याचा दस्तऐवज म्हणून झाली. परतीचे पुस्तक म्हणून ते कोणी वाचले आहे काय?

चित्रपटाचा एक दाखला दिल्याशिवाय पुढे जाववत नाही, जरी तो हिंदी असला तरी. नाना पाटेकर यांनी १९९१ साली ‘प्रहार’ दिग्दर्शित केला. त्यातला पीटर डिसोझा हा कमांडो कामगिरीत जायबंदी होऊन फौजेतून बाहेर पडतो आणि बापाची बेकरी चालवू लागतो. बापाच्या भूमिकेत हबीब तन्वीर होते. गल्लीतले गुंड हप्ता मागतात, तो देत नाही, आणि मारला जातो. शेजारी पाहतात आणि गप्प राहतात. त्याचा मेजर येऊन चौकशी करतो तेव्हाही साक्षीला कोणी पुढे होत नाही. शेजाऱ्यांचे ते गप्प राहणे मराठी माणसाने काढलेल्या या हिंदी चित्रपटात जितके स्पष्ट दिसते तितके मला आपल्या कादंबरीत दिसले नाही, हे मान्य करतो. शेवटाशी मात्र माझे जमत नाही. मेजर स्वतःच गुंडांचा निकाल लावतो, आणि चित्रपट अखेरीस अशा स्वप्नाकडे जातो की जणू सगळी पोरे कवायतीला उभी केली म्हणजे गल्ली सुधारेल. शिपायाने गल्लीत परत कसे यावे हा प्रश्न होता, उत्तर आले ते गल्लीची पलटण करण्याचे. शांतिपर्वाची दिशा याच्या नेमकी उलट होती. तिथे योद्ध्याला कवायत शिकवायची नव्हती.

इथवर इतरांचे दोष दाखवले, आता स्वतःचा एक सांगितला पाहिजे. नोकरीच्या मधल्या काळात मी एका कचेरीत रहिवासी दाखल्यांचे काम पाहत असे. गोव्यात सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, हे आपण जाणताच. एके दिवशी पेडणे तालुक्यातले एक निवृत्त हवालदार मुलाच्या दाखल्यासाठी आले. मुलगा बापाबरोबर छावण्यांतून वाढलेला, शाळा चार राज्यांत झालेल्या. कागद पाहून मी म्हणालो, “वास्तव्य सलग दिसत नाही.” ते म्हणाले, “साहेब, घर इथेच आहे. आम्ही बदलीवर होतो.” आमच्या नमुन्यात बदलीसाठी रकाना नव्हता. मी त्रुटी लिहून अर्ज परत केला. टिपणीत त्यांचा उल्लेख ‘अर्जदार’ असा केला, हुद्दा लिहिला नाही. वरिष्ठांकडे एक पत्र टाकून मार्गदर्शन मागवता आले असते. ते मला सुचले नाही असे नव्हे. टेबलावर इतर कागद होते. त्यांनी सलाम केला आणि गेले. तो सलाम कोणाला होता हे मला आजही नीट सांगता येत नाही.

हे आठवण्याचे कारण, प्रश्न आता मागच्या पिढीचा राहिलेला नाही. माजी सैनिकांसाठी १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजनिधी गोळा होतो, २००३ पासून त्यांच्या औषधपाण्याची स्वतंत्र योजना आहे, समान हुद्दा समान पेन्शनचा निर्णय २०१५ मध्ये झाला. हे सगळे चांगले आहे. पण २०२२ साली अग्निपथ योजना आली. तिच्यात भरती होणाऱ्या मुलाची नोकरी चार वर्षांची, शंभरातल्या पंचवीस जणांपर्यंत पुढे ठेवून घ्यायचे, बाकीच्यांना एकरकमी पैसे, पेन्शन नाही. पहिल्या तुकड्या २०२३ च्या आरंभी प्रशिक्षणाला लागल्या. चार वर्षांचा हिशेब वाचकांनी करावा. योजनेच्या गुणदोषांची चर्चा इथे अप्रस्तुत आहे. मला एवढेच दिसते की आजवर आपल्या वाड्यांवर परतणारा शिपाई चाळिशीचा, मिशीवाला, पेन्शनचे पुस्तक बाळगणारा असे. आता बावीस-पंचवीस वर्षांचा मुलगा परतेल. त्याला गावात कोणी ‘हवालदारसाहेब’ म्हणणार नाही. बँकेच्या दारावर किंवा खाणीच्या फाटकावर बंदूक घेऊन उभे राहण्याखेरीज त्याला काय येते, हे त्याला विचारायला कोणी जाईल की नाही, ठाऊक नाही.

मंडळाने वर्षातून एक बैठक परतलेल्यांचे ऐकण्यासाठी ठेवावी, सत्कार, शाल, श्रीफळ काही नको, आणि ऐकलेले त्यांच्याच शब्दांत या पत्रिकेत छापावे, अशी सूचना मी कार्यकारिणीकडे पाठवली आहे. तिच्यावर निर्णय होईपर्यंत मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. शेजारच्या वाड्यावर एक निवृत्त नाईक राहतात, त्यांच्याकडे रविवारी जाऊन बसतो. लढाईचे काही सांगा, असे मी पहिल्या दिवशी म्हणालो, ती माझी चूक झाली. ते गप्प झाले. दुसऱ्या रविवारी मी वही नेली नाही. तेव्हा ते आपण होऊन बोलले. घरी परतल्यावर पहिले वर्षभर पहाटे चारला जाग येई, आणि घरात सगळे झोपलेले असल्यामुळे दिवा न लावता ओसरीवर बसून राहावे लागे, असे त्यांनी सांगितले. पत्नीला हे ठाऊक होते काय, असे मी विचारले. आतून त्या म्हणाल्या, “ठाऊक होते की. मीही जागीच असायची.” नाईकांनी मान वळवून आत पाहिले. ही गोष्ट ते पहिल्यांदाच ऐकत होते.